गळ्याचं माप

आमच्या वन्सं पायमशीन एकाच पायाने चालवायच्या. उजव्या. डावा पाय मशीनखाली झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर ठेवलेला असायचा. शिवणकामातल्या जाणत्या बायका वाकून बघायच्या आणि विचारायच्या, अहो, एका पायावर टाका सरळ येतो तरी कसा? वन्संच्या ओठांत कायम चार-पाच टाचण्या. त्या तशाच धरून दातांच्या फटीतून बोलायची त्यांना सवय.

"त्याला विचारा," त्या म्हणायच्या. "तो श्वास घेतो, मी टाका घालते."

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न, अंगाने काडी, जिभेने तिखट. ह्यांनी लहानपणी त्यांचं नाव टाचणी ठेवलं, ते आजही तसंच आहे. माझं लग्न होऊन मी या घरात आले त्याच वर्षी त्याही लग्न होऊन गेल्या, आणि अकरा महिन्यांनी एका दुपारी हातगाडीवर मशीन घालून परत आल्या. दार ह्यांनी उघडलं. बहिणीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं आणि गाडीवाल्याला म्हणाले, पुढच्या खोलीत, खिडकीपाशी लावा. बास. का आलीस, किती दिवस राहणार, तिकडे काय झालं, काही नाही. ही गोष्ट वन्संनी मला शंभरदा तरी सांगितली असेल. शेवट ठरलेला असायचा: "दादाने मला एक प्रश्न विचारला नाही, वहिनी. एकसुद्धा नाही. तुला तुझा देव, मला माझा दादा."

मला हे थोडं लागायचं. मी देवाचं रोज करणारी. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, आणि संध्याकाळची झाली की एक पान वहीत. तीस वर्षांहून जास्त झाली. त्या वहीत थोर काही नाही. कोण आलं, काय शिजलं, कोणाचं दुखलंखुपलं, आणि शेवटच्या ओळीत आज माझ्या हातून काय चुकलं ते. वही मी देवासाठी लिहिते असं मानते, म्हणून तिच्यात खोटं लिहीत नाही. लिहीत नव्हते, असं म्हणायला हवं.

घर आमचं अरुंद आणि उभं. खाली रस्त्यावर उघडणारी वन्संची शिवणाची खोली: मशीन, कापडं कापायचं लांब टेबल, कोपरा तडकलेला आरसा, कपडे घालून बघायला एक पडदा, आणि खांद्यापासून कमरेपर्यंतचा एक बिनडोक्याचा पुतळा. तिच्यामागे स्वयंपाकघर आणि मागचं अंगण. चौदा पायऱ्या चढून वर आमची खोली, वन्संची खोली आणि जिन्याच्या तोंडाशी माझा प्रार्थनेचा कोपरा. घरात मूल झालं नाही. आम्ही तिघंच. आणि खडू.

खडूला एका गिऱ्हाइणीने आणलं. कोटाला अस्तर घालायला दिला आणि सोबत टोपलीतलं पिल्लू दिलं, दोन दिवस सांभाळा, गावाहून आले की नेते म्हणून. ती पुन्हा आली नाही. कोट अजून कपाटात आहे. पिल्लाने पहिल्याच संध्याकाळी टेबलावरून पडलेले मापाचे खडू खाल्ले, दोन निळे आणि एक गुलाबी, आणि रात्री खोलीभर रंगीत ओकून ठेवलं. वन्सं हसून हसून जमिनीवर बसल्या. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. नाव त्याच दिवशी पडलं.

पांढरा, तपकिरी कानांचा, कुठल्याच जातीचा नसलेला कुत्रा. अंगाने मोठा झाला, अकलेने बेताचा. गिऱ्हाईक आलं की न उठता शेपटी जमिनीवर दोनदा आपटायचा. तेवढीच त्याची नोकरी. त्याचे पांढरे केस शिवलेल्या प्रत्येक कपड्यात जायचे. लोक तक्रार करायचे. वन्सं म्हणायच्या, केस नसला तर समजा माझ्या हातचं नाही.

एक खोड मात्र त्याला होती. बक्कलाचा पट्टा गळ्यात राहू द्यायचा नाही. मान खाली घालून, कान मागे दाबून असा काही निसटायचा की पट्टा हातात आणि कुत्रा रस्त्यात. तेव्हा वन्संनी त्यांच्या पद्धतीने तोड काढली. जाड कापडाची दुहेरी पट्टी कापायची, वरून चार ओळी शिलाई मारायची, आणि ती त्याच्या गळ्याभोवती धरून, दोन बोटं जातील एवढी जागा सोडून, हातानेच शिवून टाकायची. बक्कल नाही, हूक नाही. दर वर्षी एक दिवस ठरलेला. जुन्या पट्ट्याचा टाका न् टाका उसवायचा, कात्री लावायची नाही. गळ्याचं माप घ्यायचं, नवा पट्टा शिवायचा. खडू त्या दिवशी टेबलावर उभा राहायचा, एखाद्या नवऱ्यामुलासारखा, हलायचा नाही. माप पट्टीच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिलेलं असायचं. नऊ इंच. तेरा. पंधरा. पुढे किती तरी वर्षं पंधराच. मग साडेचौदा. शेवटच्या पट्ट्यावर तेरा होतं. जुने पट्टे वन्संनी टोकं पुन्हा जोडून, गोल शिवून, खणात एकावर एक रचून ठेवले होते.

तेराव्या वर्षी त्याचे डोळे गेले, मग मागचे पाय. चौदा पायऱ्या त्याला चढता येईनात. खाली एकटा ठेवला की रडायचा. वन्संनी पडद्याच्या उरलेल्या कापडाची चार मुठींची झोळी शिवली. तिच्यात त्याला घालायच्या, पट्टे खांद्यावर घ्यायच्या आणि बावीस किलोचं ते ओझं पाठीशी लावून सकाळी खाली, संध्याकाळी वर. त्यांचं स्वतःचं वजन पंचेचाळीस. दोन महिन्यांत त्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी सांगितलं, आता वजन उचललंत तर एक दिवस उठता येणार नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, तुमच्या आईला कोण उचलतं? डॉक्टर म्हणाले, ती चालते. म्हणाल्या, मग तुम्हाला काय कळणार.

खडूचा ताबाही सुटला होता. एके पहाटे तो माझ्या प्रार्थनेच्या आसनावर करून बसला. मी धुतलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. तेही धुतलं, पण या वेळी तोंड बंद ठेवलं नाही. वन्संना काही बोलले नाही, माझी तेवढी छाती नाही. देवाला बोलले, आणि मोठ्याने बोलले. देवा, त्याला सोडव आता. त्यालाही सोडव आणि आम्हालाही. हे रोजच व्हायला लागलं. मला वाटायचं, मी दयेने मागते आहे. हे खुर्चीत बसून पेपर वाचत असायचे. पेपरामागून ऐकत असायचे.

एके सकाळी पेपर खाली ठेवून म्हणाले, "सारखं देवाला काय सांगतेस? त्याला कुठे हात आहेत?"

वर्षातून एक दिवस वन्सं सबंध दिवस बाहेर असायच्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला एक शाळा आहे, तिथल्या पोरांच्या गणवेशाची मापं घ्यायला. एकोणीस वर्षांचा शिरस्ता. त्या वर्षी त्यांचं जायचं मन नव्हतं. खडूने सकाळी दूध तोंडात घेतलं नव्हतं. त्या टेप गळ्यात घालून दोनदा दारापर्यंत गेल्या आणि दोनदा परत येऊन त्याच्याजवळ बसल्या. मला काय होणार आहे ते माहीत होतं. ह्यांनी आदल्या दिवशी जनावरांच्या दवाखान्यात बोलून ठेवलं होतं, दुपारी बाराची वेळ घेतली होती. मी वन्संच्या पाठीवर हात ठेवला.

"जा तुम्ही," मी म्हणाले. "मी आहे ना."

त्या गेल्या.

दवाखान्यातल्या माणसाने सांगितलं होतं की तिथे दिलेलं काही परत मिळत नाही. ह्यांच्या मनात आलं, टाचणीला आठवण म्हणून पट्टा तरी ठेवू. वाईट हेतू अजिबात नव्हता. उसवायला हवा हे त्यांना सुचलं नाही, आणि मी सुचवलं नाही. टाका न् टाका उसवत बसायला आम्हाला धीर नव्हता. त्यांनी टेबलावरची मोठी कात्री घेतली. त्या कात्रीला घरात कोणी हात लावत नसे. कापडाशिवाय तिने काही कापायचं नाही, असा वन्संचा दंडक. एकदा मी तिने कागद कापला होता तर त्या माझ्याशी चार दिवस बोलल्या नव्हत्या. पट्टा जाड होता. एका दमात कापला गेला नाही, पण गेला. मग झोळी, मग रिक्षा. दीड वाजता हे एकटे परत आले आणि हात धुवायला गेले. खूप वेळ धूत होते.

वन्सं पाचला आल्या. हे म्हणाले, जेवून झोपला तो उठलाच नाही. उन्हाचे दिवस, ठेवता येत नव्हतं, नगरपालिकेची गाडी बोलावली. तुला ते बघवलं नसतं. वन्संनी मशीनखाली वाकून बघितलं. तिथे काही नव्हतं, फरशीवर फक्त त्याच्या अंगाने पडलेला गुळगुळीत डाग. अंगणात टाकीशेजारी त्यांनी जागा ठरवून ठेवली होती, माती भुसभुशीत करून ठेवली होती, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. ह्यांनी पट्टा त्यांच्या हातात दिला. गेल्यावर काढून ठेवला तुझ्यासाठी, म्हणाले. त्यांनी तो न बघता खणात टाकला. कात्री टेबलावर होती, पात्यांत जाड कापडाचे धागे अडकलेले. त्यांनी ते धागे काढले आणि कात्रीबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिलं: खडू गेला. दुपारी. खालची ओळ कोरी ठेवली.

लोक काय बोलतात त्याला धरबंध नसतो. समोरच्या औषधवाल्याची बायको तिसऱ्या दिवशी परकर घट्ट करायला आली आणि म्हणाली, आई गेली तेव्हा तुम्ही चौथ्या दिवशी मशीनवर होतात, आता कुत्र्यासाठी एवढं? वन्संनी टेप गळ्यातून काढला. मग ती म्हणाली, माझं ऐका, लगेच दुसरं पिल्लू आणा, पहिल्याचा विसर पडतो. वन्संनी टेप तिच्या कमरेभोवती फिरवला आणि टाचण्यांतून म्हणाल्या, "तुमच्या ह्यांना पाठवून द्या एकदा. माप घेऊन ठेवते. दुसरा आणायची वेळ आली तर त्याच मापाचा बघता येईल."

ती परकर न घेताच गेली. मी स्वयंपाकघरात हसले आणि लगेच हसू गिळलं.

वन्सं मशीनवर बसल्या, पण काम होईना. उजवा पाय पायट्यावर, डावा अधांतरी. खाली टेकवायला जायच्या आणि दचकून वर घ्यायच्या, पायाखाली काही येईल म्हणून. शिलाई मधूनच तिरकी जायची. वीस वीस वर्षांची गिऱ्हाइकं कपडे परत आणायला लागली. मी एक पाट नेऊन दिला पाय ठेवायला. त्यांनी तो बाजूला सरकवला. बॉबिनच्या घरात कधी त्याचा केस सापडायचा, तो त्या चिमटीत धरून बटणांच्या डबीत ठेवायच्या. डबीवर पूर्वी लिहिलेलं होतं: पांढरी, लहान. तेच राहू दिलं.

आणि त्यांनी बाहेर जाणं बंद केलं. भाजीला नाही, दोऱ्याला नाही. "मी गेले म्हणून तो गेला," एवढंच त्यांनी धरून ठेवलं. वर्षातून एक दिवस पाय काढायचा आणि नेमकं त्याच दिवशी. मी पोळ्या लाटत असले की मागे येऊन उभ्या राहायच्या.

"हाक मारली का गं त्याने?"

"नाही हो वन्सं. झोपेतच गेला."

"रडला असेल. तुला ऐकू आलं नसेल, तू प्रार्थनेत असशील."

"नाही रडला."

"मग वाट बघून बघून कंटाळला."

असं दिवसाआड. कधी रोज. मी दर वेळी तेच उत्तर द्यायचे. उत्तर इतकं गुळगुळीत झालं की तोंडातून आपोआप निघायचं, मंत्रासारखं. प्रार्थनेला बसले की मध्ये तेच यायचं.

मी ह्यांना म्हणाले, सांगून टाकू या. ती स्वतःला खाते आहे. सांगितलं तर निदान तिच्या मनातून एवढं तरी जाईल की तो तिची वाट बघत मेला. ह्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "ती मला तोंड दाखवणार नाही. मला बहीण एकच आहे." आणि थोड्या वेळाने, "तिची पाठ वाचली की नाही? सरळ चालते की नाही?" ते खरं होतं. त्यांनी बहिणीला वाचवलं होतं. माझ्या नवऱ्याला मी कितीही बोल लावला तरी हे कबूल करायला हवं, की त्यांनी जे केलं ते तिच्यासाठी केलं. मी जे केलं ते माझ्या आसनासाठी.

वर्ष होत आलं. शाळेचा शिपाई मापांची तारीख घेऊन आला. वन्संनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, दुसरं कोणी बघा, मी घर सोडत नाही. तो बिचारा चक्रावून माझ्याकडे बघत राहिला. एकोणीस वर्षांची शाळा गेली की वन्संकडे राहतं काय, तर शेजारणींचे परकर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. सांगायला गेले होते असं लिहिलं तर बरं दिसेल. मी ह्यांच्या शर्टाचं बटण घ्यायला गेले होते.

वन्संनी टेबल रिकामं केलं होतं. बारा पट्टे ओळीने मांडले होते, नऊ इंचापासून. आतली मापं वर करून. शेवटचा त्यांच्या हातात होता. तो दोन्ही टोकांना जोडून शिवायचा, म्हणजे सगळे सारखे गोल दिसतील, म्हणून त्यांनी तो वर्षात पहिल्यांदा खणातून काढला होता. सुईत दोरा ओवलेला होता. पण त्या शिवत नव्हत्या. खिडकीच्या उजेडात कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होत्या, एका बाजूने, परत, पुन्हा त्याच बाजूने.

"वहिनी, इकडे ये."

मी गेले.

"मी या धंद्यात पस्तीस वर्षं आहे," त्या म्हणाल्या. ओठांत टाचण्या नव्हत्या, म्हणून आवाज वेगळाच वाटला. "पुतळ्यावर कापड कापलं की कात्री एका ओढीत जाते. माणसाच्या अंगावर कापलं की जात नाही. कितीही स्थिर उभा राहू दे. माणूस श्वास घेतो."

त्यांनी कड माझ्यासमोर धरली. मला तिथे फक्त विस्कटलेले धागे दिसत होते.

"ही पहिली. इथे पातं लागलं आणि तो मागे सरला, म्हणून हा एवढाच चावा आहे. ही दुसरी बघ, तिरकी. इथे त्याने मान वळवली, हिसडा दिला. तिसरी सरळ आहे. तेव्हा त्याला घट्ट धरलेलं होतं." त्यांनी पट्टा टेबलावर ठेवला, तेरावा, ओळीत. "मेलेली मान वळत नाही, वहिनी."

रस्त्यावरून कोणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला वाटलं, आता गिऱ्हाईक यावं. कोणी आलं नाही.

"एका हातात कात्री," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हातात पट्टा, ताणून. जाड आहे, ताणल्याशिवाय कापला जायचा नाही. दादाचे दोन्ही हात गुंतले. मग खडूला धरलं कोणी?"

हे मी तोपर्यंत कुठे लिहिलं नव्हतं. वहीत नाही, प्रार्थनेत नाही. वर त्या दिवसाचं लिहितानाही मी कात्रीचं लिहिलं आणि पुढे गेले.

"मी," म्हणाले.

त्यांनी मान हलवली. एखाद्या मापाचा ताळा जुळावा तशी.

मग मी सगळं सांगितलं. दवाखाना, बाराची वेळ, रिक्षा. माझं आसन, माझं देवाला मोठ्याने सांगणं. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. पट्ट्यांच्या कडा एका रेषेत आणत होत्या. मी थांबले तेव्हा वर्षभर विचारत होत्या तेच त्यांनी विचारलं.

"हाक मारली का त्याने?"

या वेळी मी गुळगुळीत उत्तर दिलं नाही. "दारातून नेताना एकदा भुंकला," मी म्हणाले. "एकदाच. मग शांत झाला. झोळी तुमच्या हातची होती, तिला तुमचा वास. त्याला वाटलं असेल, तुम्हीच नेताय."

"ते तू मला नको सांगूस."

मला वाटलं होतं, त्या आकांत करतील, वर जाऊन भावाला जाब विचारतील, बोचकं बांधतील. ह्यांची ती भीती वर्षभर माझ्याही उशाशी होती. वन्संनी पट्टे एकावर एक रचले, तेरावा तसाच उघडा, आणि खण बंद केला.

"दादाला सांगायचं नाही मला कळलं म्हणून," त्या म्हणाल्या. "मी मशीन घेऊन आले तेव्हा त्याने मला एक प्रश्न विचारला नव्हता. मीही त्याला विचारणार नाही. फिटलं."

"आणि माझं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

त्यांनी टाचण्यांच्या गादीतून चार टाचण्या घेतल्या, एकेक करून ओठांत धरल्या आणि मशीनवर बसल्या.

"तू मला म्हणाली होतीस," दातांच्या फटीतून म्हणाल्या, "मी आहे ना."

त्यांनी दोन्ही पाय पायट्यावर ठेवले आणि मशीन सुरू केलं.

त्या संध्याकाळी मी गेल्या वर्षीची वही काढली. खडू गेला, दुपारी, याच्या खाली कोरी ओळ होती, तिच्यात लिहिलं: आम्ही नेला. मी धरला होता. लिहिल्याने हलकं वाटतं असं मी आजवर कितीतरी जणींना सांगत आले. पुन्हा कोणाला सांगणार नाही.

वन्संनी शाळेला निरोप पाठवला आणि ठरल्या दिवशी टेप गळ्यात घालून गेल्या. दारात थांबल्या नाहीत, मागे वळल्या नाहीत. आता त्या भाजीला जातात, दोऱ्याला जातात. टाका रेषेसारखा सरळ. गिऱ्हाइकं म्हणतात, बाई, हात पूर्वीपेक्षा सुधारला. कपड्यांत केसही नाहीत. बटणांच्या डबीचं झाकण त्यांनी दोऱ्याने बांधून टाकलं आहे. आणि ह्यांना भारी समाधान. जेवताना मला म्हणतात, बघ, तेव्हा सांगितलं असतं तर उगाच घर मोडलं असतं. वेळ गेली की सगळं भरून येतं. मी वाढत राहते. आधी ह्यांचं गुपित मी वन्संपासून राखलं, आता वन्संचं ह्यांच्यापासून राखते. माझ्या हाताला धरून ठेवायची सवय झाली आहे.

ह्यांचे शर्ट वन्संच शिवतात. पूर्वी दर वेळी नवं माप घ्यायच्या, भावाला आरशासमोर उभं करून, पोट आत घे रे दादा म्हणत. या खेपेला हे कापड घेऊन गेले आणि आपणहून मान वर करून उभे राहिले. वन्संनी टेप गळ्यातून काढलासुद्धा नाही.

"तुझं माप मला पाठ आहे," म्हणाल्या, आणि जुन्या शर्टावरून कापड कापलं.

हे गेल्या वर्षभरात अंगाने भरले आहेत. शर्ट अंगात बसतो, कॉलर बसत नाही. वरचं बटण लावलं की गळ्याला वळ उठतो. हे दिवसभर दोन बोटं आत घालून मान इकडेतिकडे करतात आणि मला हळूच म्हणतात, आमच्या टाचणीचा हात गेला गं आता, डोळे थकले असतील, तिला बोलू नकोस. मी म्हणते, वरचं बटण उघडं ठेवा. ते ऐकत नाहीत. म्हणतात, बहिणीने शिवलाय, नीट बंद करून घालणार.

काल ह्यांनी बाहेर जाताना खालच्या खोलीत डोकावून वन्संना दाखवला, कसा दिसतो म्हणून. वन्संनी मशीन थांबवलं. ह्यांच्या गळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"छान बसलाय," म्हणाल्या, आणि पुन्हा शिवायला लागल्या.